बुद्धिमान मुलांचे शिक्षण आणि आपले कर्तव्य

(जळगाव जामोद येथे शिंपी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आजच्या मेळाव्यात परीक्षांत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार झाला. श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र हाती घेताना त्यांच्या मुखांवर जो आनंद होता आणि त्यांच्या आईबापांच्या डोळ्यांत जे समाधान होते, ते पाहून कोणासही धन्यता वाटावी. अशा प्रसंगी शिक्षणाच्या महत्त्वावर चार उपदेशपर शब्द बोलून खाली बसावे असा रिवाज आहे. परंतु ते महत्त्व आता आपल्या समाजास सांगावे लागत नाही. रात्र रात्र शिवणयंत्रावर बसून मुलांच्या फीची तजवीज करणारे आईबाप येथे माझ्या समोरच आहेत. मला बोलावयाचे आहे ते त्याच्या पुढच्या प्रश्नाविषयी. ज्या मुलास निसर्गाने बुद्धीचे देणे इतरांहून अधिक दिले आहे, त्याचे शाळेत काय होते? त्याला निराळे बसवावे, की सर्वांबरोबर ठेवावे? आणि या बाबतीत समाज म्हणून आपल्याकडे कोणते काम येते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी आणि विशेष बुद्धीचा विद्यार्थी हे दोघे पुष्कळदा एकच असतात. पण नेहमीच नसतात. शिकविलेले नेमके लिहून दाखविणे हा एक गुण आहे, आणि तो मोलाचाही आहे. परंतु जे शिकविलेच नाही त्याविषयी प्रश्न विचारणे, दोन दूरच्या गोष्टींतील नाते ओळखणे, एकाच कोड्यामागे तासन्‌तास लागणे, हा निराळा गुण होय. असे मूल वर्गात शहाणे समजले जातेच असे नाही. गुरुजींनी गणित फळ्यावर मांडण्यापूर्वीच ज्याचे उत्तर तयार असते, त्याने उरलेला अर्धा तास काय करावे? तो खिडकीबाहेर पाहतो, शेजाऱ्याची खोडी काढतो, आणि प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष नसते’ असा शेरा घेऊन घरी येतो. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे त्यास श्रमाची सवयच लागत नाही. आणि पुढे खरोखर कठीण असे काही समोर आले की तो गांगरून जातो. मंदगती मुलाची हानी आपल्या डोळ्यांना दिसते, कारण ते नापास होते. तीव्रबुद्धी मुलाची हानी दिसत नाही, कारण ते पास होते. तथापि हानी ती हानीच.

पूर्वीच्या आपल्या पंतोजींच्या शाळेत अनेक दोष होते. छडी होती, घोकंपट्टी होती आणि सर्व जातींना तेथे प्रवेशही नव्हता. परंतु तेथे आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. एकाच ओसरीवर कोणी धुळाक्षरे गिरवी, कोणी पाढे म्हणे, कोणी मोडी वळणे घटवी. ज्याचे झाले तो पुढे जाई, ज्याचे राहिले तो तेथेच बसे, आणि पुढे गेलेला मागच्यास शिकवी. अशीच पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेकडे अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने पाहिली आणि ती विलायतेस नेली. पुढे वयावरून वर्ग पाडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. हजारो मुलांना एकाच वेळी शिकवावयाचे तर ती सोयीची खरी. परंतु सोय निराळी आणि योग्यता निराळी. एका वर्षी जन्मलेल्या पन्नास मुलांची बुद्धी एकाच मापाची असते, असे मानणे म्हणजे एका वर्षी जन्मलेल्या पन्नास मुलांना एकाच मापाचा सदरा बसेल असे म्हणण्यासारखेच आहे. आणि हे शिंप्यांच्या सभेत अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही.

मग माप घ्यावे, हे ओघानेच आले. बुद्धीचे माप घेण्याचा पहिला उपयुक्त प्रयत्न आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने सीमाँ या आपल्या सहकाऱ्यासमवेत १९०५ साली पॅरिस येथे केला. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्याचा हेतू मुलांना पायऱ्या लावण्याचा नव्हता. कोणत्या मुलांना अधिक साहाय्य हवे आहे, ते शोधण्याचा होता. मुलाची बुद्धी कायमची ठरून गेलेली असते, या मतास त्याचा विरोधच होता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात धारवाड येथे बिनेच्या कसोट्या कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बसविल्या, आणि ‘बिने-कामत कसोटी’ हे नाव आजही मानसशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे. परंतु या मापालाही मर्यादा आहेत. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजारांहून अधिक बुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास चालविला. त्या निवडीच्या वेळी शॉक्ली आणि अल्वारेझ या दोन मुलांचीही परीक्षा झाली होती, आणि दोघेही निवडीत बसले नाहीत. पुढे शॉक्ली यांस १९५६ साली आणि अल्वारेझ यांस १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकासही तो मान लाभला नाही.

पण यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या नामदेवरायांची कथा आपण सर्व जाणतो. संतांचा मेळा जमलेला असताना मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले की, यांतली मडकी पक्की किती आणि कच्ची किती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणून पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. आणि ‘हे मडके कच्चे’ असा निकाल झाला. परीक्षा खरी होती की नाही हा वाद आपण घालीत नाही. मला सांगावयाचे आहे ते निकालानंतरचे. कच्चे ठरलेले मडके कोणी उकिरड्यावर टाकले नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू भेटले. आणि तेच नामदेव पुढे भागवत धर्माची पताका घेऊन पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आदराने म्हटली जातात. त्या दिवशीचा निकाल हाच अखेरचा निकाल मानला असता, तर केवढी हानी झाली असती! माप आजचे असते. ते उद्याचे नसते. परीक्षा घ्यावी ती पुढे काय करावयाचे हे कळावे म्हणून. कोणास कोठे कायमचे बसवावयाचे हे ठरविण्यासाठी नव्हे.

आता उपायांकडे वळू. बुद्धिमान मुलांसाठी तीन मार्ग सामान्यतः सांगितले जातात. पहिला, त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढणे. दुसरा, त्याच शाळेत त्यांची स्वतंत्र तुकडी करणे. तिसरा, सर्वांबरोबर ठेवून त्यांना त्यांच्या गतीचे काम देणे.

पहिल्या मार्गाचे महाराष्ट्रातील थोर उदाहरण पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ती संस्था स्थापन केली. निरनिराळ्या शाळांतील निवडक मुलांना शाळेव्यतिरिक्त पूरक शिक्षण द्यावे, असे तिचे आरंभीचे स्वरूप होते. पुढे १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. प्रवेशासाठी मानसशास्त्रीय कसोट्या घ्यावयाच्या, पण बुद्धी ही समाजाची ठेव आहे आणि ती समाजाच्या कामी आली पाहिजे असा संस्कारही द्यावयाचा, हे तिचे वैशिष्ट्य. दुसरे उदाहरण आपल्या वऱ्हाडातलेच आहे. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी केंद्र सरकारने जी नवोदय विद्यालये काढली, त्यांतील पहिली दोन १९८५-८६ साली प्रयोगादाखल सुरू झाली. एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावतीस. पुढे बुलढाणा जिल्ह्याचे विद्यालय शेगाव येथे झाले. तेथे सहावीपासून राहण्या-जेवण्यासह शिक्षण मिळते आणि निदान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यांतील मुलांकरिता असतात. शेतमजुराचे मूल तेथून डॉक्टर वा इंजिनिअर होऊन बाहेर पडू शकते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हिशेब करून पाहा. नवोदयात दर वर्षी सहावीत साधारणतः ८० मुले घेतात. आपल्या जिल्ह्यात तालुके १३. म्हणजे तालुक्याच्या वाट्यास सरासरीने सहा मुले येतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांवर आहे. शंभर मुलांत दोनच विशेष बुद्धीची मानली, तरी तालुक्यातील अशी बहुसंख्य मुले त्या सहांच्या बाहेरच राहणार. सातव्या मुलाचे काय? ज्याचे वडील कामासाठी परगावी असल्याने अर्ज भरावयाचा राहून गेला, त्या मुलीचे काय? स्वतंत्र शाळा हा उत्तम उपाय आहे. पण तो थोड्यांसाठीच पुरणारा आहे.

दुसरा मार्ग तुकड्यांचा. हा आपल्या फार परिचयाचा. जून महिना उजाडला की ‘आमच्या बाळूला ‘अ’ तुकडीत घ्या’ म्हणून पालकांची धावपळ सुरू होते, कारण पुष्कळ ठिकाणी गुणांच्या उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड अशा तुकड्या पाडण्याची रीत पडलेली आहे. या रीतीत काय घडते? तुकड्या पडतात, पण पुस्तक तेच, धडा तोच, प्रश्नही तेच. बदलते ते एवढेच की ‘अ’मधल्या मुलास अहंकार चढतो आणि ‘ड’मधल्या मुलास आपण ‘ढ’ आहोत याची रोज सकाळी हजेरीच्या वेळी आठवण होते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जेम्स कुलिक यांनी या विषयावरील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, मुले नुसती वेगळी बसवून शिकविणे तेच ठेवले तर लाभ नगण्य होतो. परंतु गटाच्या तयारीप्रमाणे शिकविणेही बदलले तर लाभ निश्चित होतो, आणि तीव्रबुद्धी मुलांस तो विशेष होतो. म्हणजे गुण भिंतीत नाही, शिकविण्यात आहे.

याचेच दुसरे प्रमाण मुंबईत मिळते. १९९५ साली तेथे सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी अशी रीत चालविली की, दिवसाचा काही वेळ इयत्ता बाजूस ठेवावयाची आणि ज्याला अक्षर येते, ज्याला शब्द येतो, ज्याला उतारा वाचता येतो, असे गट करून शिकवावयाचे. मूल पुढे सरकले की त्याचा गट बदलावयाचा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल क्रेमर यांच्यासमवेत मिळाले, त्यांनी या पद्धतीची काळजीपूर्वक पाहणी केली आणि तिचा उपयोग होतो असे दाखवून दिले. ‘अ’ आणि ‘ड’ तुकडीत आणि या गटांत फरक कोणता? तुकडी वर्षभराची, किंबहुना जन्माची असते. गट महिन्यापुरता असतो. तुकडी सर्व विषयांना एकच असते. गट विषयागणिक निराळा होतो, आणि गणितात पुढे असलेले मूल भाषेत मागच्या गटात आनंदाने बसते. तुकडी मुलाला नाव ठेवते. गट त्याला काम देतो.

तिसरा मार्ग वर्गातल्या वर्गात करावयाचा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कष्टाचा, कारण तो गुरुजींच्या तयारीवर उभा आहे. याला दृष्टांत देवळालीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकविणारे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या शोधाचा देतो. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचे एक विलक्षण लक्षण शोधले. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येस पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८७३० मधून ३७८ गेले, राहिले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. आणि पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतात. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत हे घडते. आता हे उदाहरण वर्गात घाला. ज्याची वजाबाकी कच्ची आहे त्यास हातच्याचा भरपूर सराव होतो, आणि कंटाळा येत नाही. ज्याची वजाबाकी पक्की आहे तो विचारू लागतो की असे का होते, तीन अंकी संख्येत काय होईल, पाच अंकीत काय होईल. काम एकच, परंतु प्रत्येकास आपापल्या उंचीइतके त्यातून मिळते. प्रयोगशाळा नको, देणगी नको. खडू आणि फळा पुरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रज्ञेच्या मुलांस शिक्षकांनी पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, असे म्हटले आहे. पण धोरणातले वाक्य वर्गात उतरते ते गुरुजींच्या हातूनच.

येथे आपल्या धंद्यातील एक शब्द मला आठवतो. वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा शिवताना आपण शिवणीत ‘माया’ सोडतो. आज अंगाला नीट बसावा, आणि उद्या मूल वाढले की उसवून सैल करता यावा, म्हणून ती माया. शाळेने मुलांचे गट अवश्य करावेत. पण त्यांच्या शिवणीत माया असावी. मायेवाचून शिवलेला कपडा कितीही मापात असला तरी सहा महिन्यांत अंगावर फाटतो.

आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्यापुरती सांगतो. आपल्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी सोनबर्डी, कुवरदेव यांसारख्या वस्त्यांत निहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा जगातील कोणत्याही दुसऱ्या भाषेशी नाते न सांगणारी आहे, असे भाषापंडित म्हणतात. डच पंडित कॉयपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. ती बोलणारे आता जेमतेम दोन-अडीच हजार लोक उरले आहेत. त्या घरातील सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याला प्रथम मराठी शिकावी लागते, आणि मग मराठीतून गणित. ते गप्प बसते, म्हणून त्यास मंद म्हणावे काय? जे मूल घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा सांभाळते, त्याची बुद्धी तोलण्यास आपलाच तराजू अपुरा आहे. परीक्षा आपल्या भाषेत घ्यावयाची आणि निकाल त्याच्या बुद्धीचा लावावयाचा, हा न्याय नव्हे. आपल्या घरातील मुलींविषयीही असेच काही म्हणता येईल. सायंकाळी मुलगा शिकवणीस जातो आणि मुलगी काज-बटणास बसते. मग दोघांचे गुण शेजारी मांडून हुशार कोण ते आपण ठरवितो!

आता आपल्या कर्तव्याकडे येतो. शाळा सुधारणे सर्वस्वी आपल्या हाती नाही. परंतु चार गोष्टी आपल्या हाती खचित आहेत.

पहिली अशी की, सत्कारातील शाली, हार आणि स्मृतिचिन्हे यांवर होणारा खर्च निम्मा करावा आणि त्यातून रविवारची अभ्यासिका चालवावी. तेथे इयत्ता विचारू नये. मूल कोठवर आले आहे ते पाहावे आणि तेथून पुढचे पुस्तक त्याच्या हाती द्यावे. मोठ्यांनी लहानांस शिकवावे. दुसरी, अर्जांची जबाबदारी समाजाने घ्यावी. पाचवीतील मुलांसाठी नवोदयची परीक्षा असते. आठवीसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातील, सरकारी वा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलास तिच्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. हे ठाऊक नसल्यामुळे किंवा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळे संधी जाते. दोन तरुणांनी एवढेच काम वर्षभर केले, तरी ते दहा भाषणांपेक्षा मोठे ठरेल. तिसरी, नोकरीधंद्यानिमित्त बाहेरगावी स्थिरावलेल्या आपल्या शिकलेल्या मंडळींनी एकेका मुलास पत्राने, दूरध्वनीने मार्गदर्शन करावे. बुद्धिमान मुलास पैशाइतकीच, विचारलेला प्रश्न समजून घेणाऱ्या माणसाची गरज असते. चौथी, पुढील वर्षापासून अधिक गुण मिळविणाऱ्यांबरोबरच, मागच्या वर्षाहून स्वतः सर्वांत पुढे गेलेल्या मुलाचाही याच व्यासपीठावर गौरव व्हावा.

आता कोणी विचारील की, समाजाच्या पैशातून चाललेल्या अभ्यासिकेत इतर जातींच्या मुलांस यावे की न यावे? माझे उत्तर असे की, अवश्य यावे. निहालाचे, कोरकूचे, ज्याचे असेल त्याचे मूल यावे. याला एक व्यावहारिक कारण आहे. तीव्र बुद्धीच्या मुलास सर्वांत मोठी उणीव असते ती बरोबरीच्या सोबत्याची. एका गावात एका जातीत असे मूल एखादे-दुसरे असणार. त्याला सोबती हवा तर दार उघडे ठेवावेच लागेल. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. मंगळवेढ्यास कुसवाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरीच्या महाद्वारी आणणारे नामदेवच होते, असे परंपरा सांगते. त्यांचे नाव लावणाऱ्या समाजाने ज्ञानाच्या दाराशी जात विचारली, तर ते नाव लावण्याचा आपला अधिकार कोणता?

बंधुभगिनींनो, बुद्धी ही कोण्या एका घराची मिरास नाही. ती कोणत्या झोपडीत जन्म घेईल, हे कोणी सांगू शकत नाही. आपण एवढेच करू शकतो की, ती जेथे असेल तेथे तिला ओळखावे, तिच्या वाढीस वाव द्यावा आणि तिला इतरांपासून तोडू नये. ज्या मुलांचा आज सत्कार झाला त्यांस माझे मनःपूर्वक आशीर्वाद. आणि ज्यांचा झाला नाही, त्यांस त्याहून अधिक. अभ्यासिकेसाठी जागा आणि रविवारी दोन तास देण्यास जे सिद्ध असतील, त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे मंडळाच्या चिटणीसांकडे द्यावीत, एवढी विनंती आहे.